चवथीच्या खतखत्यात जगाचा इतिहास

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्याकडे गोव्यात खतखतं होतंच. कुणी पाच भाज्यांचं करतं, कुणी हौसेने एकवीस भाज्या गोळा करतं. तूरडाळ, ओल्या खोबऱ्याचं वाटण, गुळाचा खडा आणि शेवटी ठेचून घातलेली तिरफळं मात्र सगळ्यांकडे सारखीच. सुट्टी संपून अकरावीचा वर्ग भरला की मी मुलांना या भाज्या फळ्यावर लिहायला लावते. यादी भराभर वाढते: सुरण, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, लाल भोपळा, रताळी, बटाटा, मक्याची कणसं, नीरफणस, वाटणातली सुकी मिरची. मग सांगते, वास्को द गामा कालिकतला पोचला तो मे १४९८ मध्ये. त्याआधी आपल्याकडे जे नव्हतं ते खोडा.

भोपळा जातो. रताळी, बटाटा, कणसं जातात. ही सगळी अमेरिकेची. नीरफणस प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा, तोही जातो. शेवटी कुणीतरी घाबरत घाबरत मिरचीवर रेघ मारतं आणि वर्गात एकच गलका होतो. "टीचर, मग लोक तिखट कशाने करायचे?" मिऱ्याने, पिंपळीने, आल्याने. फळ्यावर उरतात सुरण, मुळा, शेवगा आणि केळी. देवाला दाखवायच्या नैवेद्यातला अर्धा ऐवज समुद्रापलीकडून आलेला आहे, हे पचायला मुलांना थोडा वेळ लागतो. मला स्वतःला त्याहून जास्त लागला होता.

जगाच्या इतिहासाचं पुस्तक उघडलं की मुलं घाबरतात ती सनावळ्यांना. इंका कोण, ऑटोमन कोण, पोतोसी कुठे, हैतीत काय झालं, सगळं सुटं सुटं वाटतं. त्या सगळ्यातून जाणारं जे असतं त्याला इंग्रजी पुस्तकं 'थीम' म्हणतात, मी 'सूत्र' म्हणते. अबोलीच्या वळेसरात नजरेला फुलं दिसतात, दोरा दिसत नाही. देवाणघेवाण, सत्ता, श्रद्धा, स्थलांतर, ज्ञान, बंड हे असे दोरे. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. 'इतिहासाची पुनरावृत्ती होते' हे वाक्य माझ्या वर्गात उत्तरपत्रिकेत लिहिलं तर गुण मिळत नाहीत. घटना पुन्हा घडत नाहीत. तोच पेच पुन्हा पडतो आणि माणसं त्यातून दर वेळी वेगळी वाट काढतात. ती वाट वेगळी का झाली, हे शोधणं म्हणजेच हा विषय.

मिरचीकडेच परत जाऊ. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या बेटांवर पोचला आणि हजारो वर्षं एकमेकांना अनोळखी असलेली दोन जगं जोडली गेली. तिकडून मका, बटाटा, मिरची, काजू, अननस, पपई, तंबाखू निघाले. इकडून गहू, ऊस, घोडे, गुरं गेली. आपल्याकडे पोर्तुगीज जहाजांनी काजू ब्राझीलहून आणला. नुसता आणला आणि झालं, असं कधी होत नाही. इथे नारळाच्या सुरेपासून फेणी गाळायची विद्या आधीच होती. ती बोंडांच्या रसावर चालवली गेली आणि तयार झाली ती काजूची फेणी जगात दुसरीकडे कुठे नव्हती. २००९ मध्ये तिला गोव्याची म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. झाड ब्राझीलचं, भट्टी इथली. देवाणघेवाणीत घेणारा हात रिकामा नसतो, हे मुलांना भट्टीजवळ उभं करून सांगितलं तर कळतं. पुस्तकातून कळेलच असं नाही. (भट्टीची सहल काढायची माझी कल्पना दोन पालकांनी हाणून पाडली, हा भाग निराळा.)

जहाजांतून याद्यांमध्ये न लिहिलेलंही काही गेलं. देवी, गोवर, ताप. इथे मी मुलांना दोन शहरं शेजारी ठेवायला सांगते. अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला १५१० मध्ये. तोही एका दमात नाही: वसंतात घेतला, मे महिन्यात गमावला, अख्खा पावसाळा मांडवीत अडकलेल्या जहाजांवर उपासमारीत काढला आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकला. अकरा वर्षांनी, १५२१ च्या ऑगस्टमध्ये, स्पेनच्या कोर्तेसने मेक्सिकोतल्या अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पाडली. दोघेही आयबेरियाचे, दोघांकडे माणसं थोडी, दोघांनाही स्थानिकांची मदत. इथे होन्नावरचा समुद्री सरदार तिमोजा होता, तिथे अझ्टेकांवर खार खाऊन असलेले त्लाश्कालाचे हजारो योद्धे.

मग स्पेनच्या हाती अख्खा मेक्सिको का लागला आणि पोर्तुगिजांच्या हाती तिसवाडीचं बेट आणि आजूबाजूचा थोडा मुलूख एवढंच का? बंदुका दोघांकडे होत्या. मोठा फरक रोगाचा होता. अमेरिकेतल्या लोकांच्या शरीराने देवीचा रोग कधी पाहिलाच नव्हता. १५२० मध्ये तो तेनोच्तित्लानमध्ये शिरला आणि शहर पडण्याआधीच अर्धमेलं झालं. पुढच्या शंभर वर्षांत त्या मुलखातले बहुतेक मूळ रहिवासी नाहीसे झाले. भारत, अरबस्तान, आफ्रिका आणि युरोप यांच्यात मात्र माल आणि माणसं शेकडो वर्षं फिरत होती, त्यामुळे रोगही सगळ्यांचे ओळखीचे. उलट इथल्या हवेत नवखे पोर्तुगीजच पटापट मरत. शिवाय घाटावर विजापूर, हंपी यांसारखी तोफा-घोडदळ बाळगणारी राज्यं होती. कारण एक, ठिकाणं दोन, निकाल दोन. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमात एवढी एक तुलना नीट समजली तरी वर्ष वाया गेलं नाही.

आता सत्तेचा दोरा. मूठभर माणसं परक्या मुलखात राज्य चालवतात कशी? तलवारीने जिंकता येतं. पण वसुली करायला शेत कुणाचं, बांध कुणी राखायचा, पाणी कधी सोडायचं हे ठाऊक असावं लागतं. गोव्यात हे सगळं गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामाईक संस्था, ठरवत असे. खाजन शेतांचे, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेल्या शेतांचे, बांध, खाऱ्या पाण्याची ये-जा सांभाळणारी मानस, देवळाचा खर्च, सरकारचा सारा, सगळा गावकारांचा कारभार. पोर्तुगिजांनी तो मोडला नाही. १५२६ मध्ये त्यांनी गावकारीच्या रूढी आणि तिचे कर एका सनदेत लिहून काढले. तिला 'फोराल' म्हणतात. पुढे देवळांच्या जमिनी घेतल्या, धर्म बदलले, पण साऱ्याचं यंत्र जुनंच ठेवलं. त्यालाच 'कोमुनिदाद' हे नाव पडलं आणि ती आजही आहे.

हेच आता जगाच्या दुसऱ्या टोकाला बघा. दक्षिण अमेरिकेत इंका राजांची 'मिता' नावाची पद्धत होती: प्रत्येक वस्तीने पाळीपाळीने राज्याच्या कामाला माणसं द्यायची. रस्ते, पूल, शेती यांसाठी. स्पॅनिशांनी इंकांचं राज्य घेतलं आणि पाळीची पद्धत तशीच ठेवली, पण १५७० च्या दशकापासून माणसं पोतोसीच्या चांदीच्या खाणीत पाठवली. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली तेव्हा सुरुवातीची काही वर्षं वसुली नबाबाच्याच जुन्या कारभाऱ्यांकडून होत राहिली. दोन खंड, तीन राज्यकर्ते, आणि जुनं जातं नव्या मालकाकडे. फक्त दळायचं काय ते बदललं. पोतोसीत दळली गेली ती माणसं.

समुद्राचं सूत्र थोडक्यात. समुद्राला कुंपण घालता येत नाही, पण त्याच्या अरुंद जागा अडवता येतात. अल्बुकर्कने गोव्यानंतर १५११ मध्ये मलाक्का घेतलं, १५१५ मध्ये होर्मुझ पक्कं केलं. एडन मात्र त्याला जमलं नाही. या नाक्यांच्या जोरावर पोर्तुगीज इतरांच्या जहाजांना 'कार्ताझ' विकत: हा परवाना नसेल तर जहाज जप्त. अकबराच्या मुलखातून मक्केला जाणाऱ्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. १६२२ मध्ये होर्मुझ आणि १६४१ मध्ये मलाक्का हातचं गेलं, तशी गोव्याची चमकही उतरत गेली. आजच्या मुलांना हे मी २०२१ साली सुएझ कालव्यात आडव्या पडलेल्या मालवाहू जहाजावरून सांगते. सहा दिवस एक जहाज अडकलं आणि जगभरच्या मालाचा खोळंबा झाला. नाक्याची किंमत काय असते ते लगेच कळतं.

श्रद्धा आणि स्थलांतर हे दोन दोरे मला वेगळे काढता येत नाहीत. आमच्या भागात तर ते एकमेकांत पिळलेलेच आहेत. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. सोळाव्या शतकाच्या मध्यावर जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती उचलल्या, नदी ओलांडली आणि अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, आणून ठेवल्या. १५६० मध्ये धर्मसमीक्षण, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय 'इन्क्विझिशन', सुरू झालं. मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. फोंड्यातल्या मुलांना हे घरचं आहे. पण मी पुढचा प्रश्न विचारते: तेव्हा अंत्रुज महाल कुणाच्या ताब्यात होता? वर्ग गप्प. विजापूरच्या आदिलशहाच्या. हिंदू देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या हद्दीत.

आता १४९२ चा स्पेन. राजा-राणीने फर्मान काढलं, ज्यूंनी धर्म बदलावा किंवा देश सोडावा. हजारो निघाले. त्यांतल्या पुष्कळांना जागा दिली ती ऑटोमन सुलतान दुसऱ्या बायेझिदने, इस्तंबूल आणि सालोनिकासारख्या शहरांत. पळणाऱ्याला पलीकडचा काठ हवा असतो. त्या काठावर राज्य कुठल्या धर्माचं, हे नंतर.

काहीजण शेजारच्या पोर्तुगालात गेले. तिथे १४९७ मध्ये त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. अशाच एका घरात गार्सिया द ओर्ता जन्मला, वैद्यक शिकला आणि १५३४ मध्ये गोव्याला आला. पणजीतल्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे; तिथल्या बाकावर बसून आपण शेंगदाणे खातो (तेही अमेरिकेचेच) आणि तो कोण हे बहुतेकांना माहीत नसतं. तीसेक वर्षं त्याने इथल्या वैद्यांना, हकिमांना, व्यापाऱ्यांना विचारून औषधी वनस्पतींची माहिती गोळा केली. १५६३ मध्ये त्याचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. ग्रीक पंडितांनी काय लिहिलंय यापेक्षा मी डोळ्यांनी काय पाहिलं ते मोठं, असा त्याचा बाणा. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मसमीक्षणाने जिवंत जाळलं, गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून. १५८० मध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून जाळली. हद्दपारी, समुद्रप्रवास, ज्ञान, छपाई, छळ. वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतो ते सगळं या एका माणसात सापडतं. म्हणून सूत्रांना खणांत कोंबू नका असं मी म्हणते.

ओर्ताचा ग्रंथ छापणारं तंत्रही योगायोगानेच इथे आलं. गोव्यातलं पहिलं छापयंत्र १५५६ मध्ये आलं ते मुळात इथिओपियासाठी निघालं होतं, पुढे जाऊ शकलं नाही. भारतातली छपाई अशी वाटेत राहून गेलेल्या यंत्रावर सुरू झाली. जर्मनीत लूथरने १५१७ नंतर छपाई कॅथलिक चर्चविरुद्ध वापरली. गोव्यात तीच छपाई चर्चच्या कामी आली. आणि तिच्यातून काय निघालं? इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी मराठी ओव्यांत रचलेलं क्रिस्तपुराण, १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलेलं. ज्या राजवटीने इथली पोथ्यापुस्तकं जाळली तिच्याच छत्राखाली मराठीतला एक मोठा ग्रंथ छापला गेला. छापयंत्र चांगलं की वाईट, असा निबंध कुणी घालू नये. ते कुणाच्या हातात आहे ते विचारावं.

शेवटी बंड, आणि इथे एक सावधगिरी. १७८७ मध्ये गोव्यात पोर्तुगीज राजवट उलथवण्याचा पिंटोंचा कट उघडकीला आला. दोन वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांती. मुलं लगेच बाण काढतात: यामुळे ते. जवळजवळच्या सालांवरून नातं जुळत नाही, गाऱ्हाण्यावरून जुळवून पाहावं. पिंटोंच्या कटात पुढे होते ते गोव्याचेच ख्रिस्ती पाद्री आणि अधिकारी. शिकलेले, धर्माने राज्यकर्त्यांचेच, तरी वरच्या जागा गोऱ्यांना. अगदी हाच सल स्पॅनिश अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्यांना, क्रिओलोंना होता: घराणं मूळ स्पेनचं, पण स्वतःचा जन्म काराकसचा, म्हणून मोठं पद नाही. बोलिव्हार त्यांच्यातलाच. गाऱ्हाणं सारखं, मग तिथे देशच्या देश स्वतंत्र झाले आणि इथे फासावर का जावं लागलं?

१८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा धरून ठेवला आणि अमेरिकेत हुकूम कुणाचा मानायचा हेच कुणाला कळेना. बंड करणाऱ्यांना तेवढी फट पुरली. १७८७ च्या लिस्बनमध्ये अशी फट नव्हती. त्याआधी १५८३ मध्ये दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावच्या लोकांनी पाच पाद्र्यांना ठार केलं. नंतर बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावकारांची कत्तल झाली, आणि तरी गाव नमला नाही, सारा देणं थांबवलं. सत्तरीचे राणे कित्येकदा उठले. धैर्य कमी पडलं म्हणून बंडं फसली, असं मला तरी म्हणवत नाही.

बसने जुन्या गोव्याला गेलो की मुलं विचारतात, एवढं शहर गेलं कुठे? रोगराई, खराब झालेलं पाणी, डच आरमाराने तोडलेला व्यापार. शिवाय १५६५ ला हंपी पडल्यावर अरबी घोड्यांचं सर्वात मोठं गिऱ्हाईक गेलं होतं. शेजाऱ्याचं घर जळलं की आपलं दुकानही बसतं. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि जुन्या शहराचे चिरे काढून नव्या इमारतींना लावले गेले. सेंट ऑगस्टीन चर्चचा तर अर्धा मनोराच काय तो उरलाय. त्याच्या सावलीत डबे उघडतात.

तिथेच मी गृहपाठ देते. पोर्तुगालचा एकच झेंडा चार ठिकाणांहून उतरला, चार तऱ्हांनी. ब्राझील १८२२ मध्ये स्वतंत्र झालं, तेही राजाच्याच मुलाने जाहीर करून. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याच्या कारवाईने राजवट संपली. अंगोलात १९६१ पासून लढाई चालली आणि १९७४ च्या एप्रिलमध्ये खुद्द लिस्बनमध्ये सैन्यानेच हुकूमशाही उलथल्यावर १९७५ मध्ये स्वातंत्र्य आलं. मकाव चीनकडे गेलं करार करून, २० डिसेंबर १९९९ ला, आपल्या मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशी, फक्त अडतीस वर्षांनी. चारही ठिकाणी तोच मालक होता. मग शेवट चार प्रकारचे का झाले, ते दोन पानांत लिहा.

गेल्या वर्षी एका मुलाने वहीत मधोमध एवढंच लिहून आणलं होतं: "शेजारी कोण होता ते बघावं लागेल." दोन पानं नव्हती, तरी मी दहापैकी सात दिले.